पदवीवाचून इतिहासकार : जे. ए. रॉजर्स

(एका सार्वजनिक वाचनालयात दिलेले व्याख्यान)



आज मी ज्या पुरुषाविषयी बोलणार आहे, त्याचे नाव आपल्यापैकी थोड्यांच्याच कानावर गेले असेल. जोएल ऑगस्टस रॉजर्स हे कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. वर्तमानपत्रांसाठी लेख लिहावेत, त्यावर चरितार्थ चालवावा आणि उरलेला पैसा व वेळ इतिहासाच्या शोधात घालावा, हा क्रम त्यांनी 1966 साली मृत्यू येईपर्यंत चालविला. अशा मनुष्यास इतिहासाचे वेड का लागावे, आणि त्या वेडापासून आपण काय घ्यावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

रॉजर्स यांचा जन्म 1880 च्या सुमारास जमैका बेटावर झाला. तेथील गुलामगिरी 1838 साली पुरती संपली होती. परंतु कातडीच्या छटेवरून माणसाची प्रत ठरविण्याची रीत संपली नव्हती. काळे लोक हे नोहाच्या शापित मुलाचे वंशज, म्हणून दास्य त्यांच्या कपाळी लिहिलेलेच, असे सांगणारे धर्मोपदेशक त्या काळी पुष्कळ होते. जन्माने माणूस हीन ठरतो या सिद्धांतास धर्मग्रंथाचा आधार कसा जोडला जातो, हे आपल्या श्रोत्यांना निराळे समजावून सांगावयास नको.

1906 साली रॉजर्स अमेरिकेत गेले. शिकागोत असता त्यांनी पुलमन कंपनीच्या शयनगाड्यांवर पोर्टरची नोकरी केली. उतारूंच्या शय्या घालावयाच्या, सामान उचलावयाचे, रात्री जोडे पुसून ठेवावयाचे, हे ते काम. कोणाही पोर्टरला उतारू 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत. कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन, आणि नोकराला स्वतःचे नाव असण्याचे कारणच काय! गुलामास धन्याच्या नावाने ओळखण्याची जुनी चाल रेल्वेच्या डब्यात अशी जिवंत राहिली होती. पण याच पोर्टरांनी कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रे गाडीतून दक्षिणेत पोहोचविली, आणि पुढे 1925 साली आपली संघटनाही उभारली.

1917 साली रॉजर्स यांनी आपले पहिले पुस्तक पदरमोड करून प्रसिद्ध केले. त्याचा विषय साधा आहे. आगगाडीत एक गोरा राजकारणी आणि एक पोर्टर यांचा संवाद होतो. गोरा गृहस्थ काळ्यांच्या हीनत्वाची एकेक समजूत पुढे करतो. पोर्टर शांतपणे ग्रंथ, प्रवासवृत्ते व शास्त्रज्ञांची मते सांगून ती खोडून काढतो. ज्याच्या हाती दुसऱ्याचे जोडे, त्याच्याच तोंडी लेखकाने प्रमाणे ठेवली. या एका मांडणीत रॉजर्स यांचे सर्व आयुष्य आले आहे.

पुढे ते न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहावयास गेले. युरोपातील ग्रंथालये आणि संग्रहालये त्यांनी धुंडाळली. 1930 साली इथिओपियाच्या सम्राटाच्या राज्यारोहणास ते वार्ताहर म्हणून हजर होते. 1935 साली मुसोलिनीच्या इटलीने त्या देशावर स्वारी केली, तेव्हा तेथून त्यांनी 'पिट्सबर्ग कुरियर' पत्रास युद्धाची वार्तापत्रे पाठविली. त्याच पत्रातील त्यांचे चित्रमय इतिहाससदर विद्यालयाचे तोंड न पाहिलेल्या माणसांच्याही घरात गेले. 1946 व 1947 साली जगातील थोर कृष्णवर्णीयांच्या चरित्रांचे त्यांचे दोन खंड निघाले. त्यांत आपल्या दख्खनचा मलिक अंबरही आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मोगलांना झुंजविणारा हा पुरुष 1626 साली वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. न्यूयॉर्कच्या एका लेखकाला तो आपला वाटला.

आता दुसरी बाजू. रॉजर्स यांचे सर्व लेखन सारख्याच योग्यतेचे नाही. कोठे एखाद्या जुन्या चित्रावर, कोठे समकालीनाच्या शेऱ्यावर, तर कोठे राजकीय विरोधकांनी उठविलेल्या कंडीवर त्यांनी भिस्त ठेवली. बेथोव्हेन हा संगीतकार आफ्रिकी रक्ताचा होता, असे त्यांनी मांडले. 2023 साली त्याच्या केसांवरून झालेल्या जनुकीय तपासणीत त्याचा वंश युरोपीय आढळला. अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग यांच्याविषयीचे त्यांचे म्हणणेही 2015 च्या तशाच तपासणीपुढे टिकले नाही. याचा परिणाम काय होतो? शंभर विधानांपैकी नव्वद खरी असली, तरी विरोधक उरलेल्या दहांवर बोट ठेवतो आणि शंभरही फेकून देतो. ज्यांचा शब्द मुळातच संशयाने ऐकला जातो, त्यांना सैल पुरावा परवडत नाही.

तरीही त्यांचे मोल कमी होत नाही. डॉ. ड्यू बॉइस हे हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय विद्वान. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढे आलेल्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागितली, ते हेच. त्यांनी 1947 साली आफ्रिकेवरील आपल्या ग्रंथात रॉजर्स यांचे ऋण मोकळेपणाने मानले. या लेखकास शास्त्रीय शिक्षण नाही, पैशाचे पाठबळ नाही. तथापि आपल्या वंशाविषयी इतक्या महत्त्वाच्या गोष्टी दुसऱ्या कोणी उजेडात आणलेल्या नाहीत, असा त्यांचा अभिप्राय होता.

मित्रहो, इतिहासाकडे आपण कोणत्या अपेक्षेने जातो, याचा विचार करा. पूर्वजांत राजे व सेनापती सापडले म्हणजे आपली माणुसकी सिद्ध होईल, ही समजूत घातक आहे. ज्यांच्या कुळात कोणी राजा झाला नाही, त्यांचेही हक्क तेवढेच पुरे आहेत. समतेला वंशावळीचा जामीन लागत नाही. मग इतिहास कशासाठी? 'तुम्ही असेच होता, म्हणून असेच राहाल', असे जे सांगितले जाते, ते खोटे आहे हे दाखविण्यासाठी. खोट्याचे खंडन खोट्याने होत नाही. त्यास अस्सल कागद लागतो.

आपल्या वस्त्यांतून असे कागद आजही आहेत. जुनी अर्जविनंत्यांची पत्रे, पलटणीतून मिळालेले दाखले, परिषदांची हस्तपत्रके, गिरणीची हजेरीपत्रके ट्रंकांच्या तळाशी पडून आहेत. वृद्ध माणसांच्या आठवणी तर दरवर्षी त्यांच्याबरोबर जात आहेत. त्या उतरून घ्या. सांगणाऱ्याचे नाव, गाव व तारीख लिहा. ऐकीव ते ऐकीव म्हणून नोंदवा आणि पाहिलेले ते पाहिलेले म्हणून. या कामास पदवी लागत नाही, हे एका पोर्टरने दाखवून दिले आहे. त्याच्या चिकाटीस आपण पुराव्याची शिस्त जोडली, तर आपल्या मुलांच्या हाती पडणारा इतिहास कोणास सहजासहजी खोडून काढता येणार नाही.

 जय भीम.