रक्तगट जुळला, पुढे काय?



लिव्हर बदलायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, रक्तगट कुणाचा जुळतो? प्रश्न बरोबर आहे. पण चौकशी तिथेच थांबू नये, म्हणून आजचा हा विषय.

१९९८ साली दिल्लीत वीस महिन्यांच्या एका मुलाला वडिलांच्या लिव्हरचा तुकडा बसवला. भारतातलं हे पहिलं यशस्वी लिव्हर प्रत्यारोपण. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. आजही आपल्याकडे बहुतेक लिव्हर जिवंत नातेवाइकाकडूनच मिळतं. दात्याचं उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत बरंचसं वाढतं.

दाता शोधायचा म्हटलं की सगळ्यांच्या नजरा घरच्या बाईकडे वळतात. मला ते खटकतं. पण तीच आजारी पडली आणि नवरा किंवा मुलगा द्यायला पुढे आला, तर वेगळंच काही तपासावं लागतं. आपल्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात, निम्म्या आईकडच्या, निम्म्या वडिलांकडच्या. पोटातल्या बाळाच्या बापाकडच्या खुणा आईच्या शरीराला परक्या वाटतात, आणि त्यांच्याविरुद्ध तिच्या रक्तात अँटिबॉडी तयार होऊ शकतात. त्यांचा तिला काही त्रास नसतो. पण वीस वर्षांनी त्याच खुणांचं लिव्हर पोटात आलं, की त्या ते ओळखतात. रक्त चढवल्यानेही असंच होतं. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांतल्या अनेकांना वारंवार रक्त लागतं, म्हणून हे इथे मुद्दाम सांगतो.

किडनी बदलण्याआधी रुग्णाच्या रक्तात अशा अँटिबॉडी सापडल्या तर ऑपरेशन बहुधा थांबतं. लिव्हर सोशिक आहे. त्यातल्या कुप्फर पेशी अँटिबॉडीचा बराच मारा गिळून टाकतात. त्यामुळे कितीतरी वर्षं सर्जन याकडे फारसं पाहत नसत. पण जिवंत दात्याकडून अख्खं लिव्हर येत नाही, तुकडा येतो. अँटिबॉडीचं प्रमाण फार असेल तर त्याच्या बारीक रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका दुखावतात. प्रमाण आधी कळलं, तर दुसरा दाता पाहता येतो, किंवा रिटुक्सिमॅब हे औषध देऊन आणि प्लाझ्मा बदलून तयारी करता येते. रक्तगट जुळत नसतानाही याच वाटेने प्रत्यारोपण होतं.

ऑपरेशननंतरही नव्या अँटिबॉडी तयार होतात, विशेषतः शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्या चुकल्या की. माणूस गावी येतो, कावीळ गेलेली, भूक लागते. सोयाबीनच्या सोंगणीत त्यांतली टॅक्रोलिमसची संध्याकाळची गोळी राहते. दुखत काहीच नाही, आत मात्र लिव्हर हळूहळू कडक होत जातं. ही गोळी साधारणपणे बारा-बारा तासांनी, ठरल्या वेळीच घ्यायची असते. तिची पातळी तपासायच्या दिवशी आधी रक्त द्यायचं, मग सकाळची गोळी.

आयाबायांनो, तपासणीला जाताना किती बाळंतपणं झाली, गर्भपात झाला का, रक्त कधी चढवलं, हे कागदावर लिहून न्या. कुणी विचारलं नाही तरी डॉक्टरांपुढे ठेवा, आणि एचएलए अँटिबॉडीची तपासणी झाली का, हे स्वतः विचारा.