खोकण्याचें बळ



घरांत कोणाला खोकला लागला कीं आपण ज्येष्ठमध काढतों, आल्याचा रस मधांत कालवितों, आणि ही ब्याद लवकर टळावी अशी इच्छा करतों. पण ज्याला खोकतांच येत नाहीं अशा मनुष्याची काय अवस्था होत असेल, हा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. आज मला त्याच्याविषयीं बोलावयाचें आहे.

खोकला ही शरीराची झाडलोट आहे. प्रथम मनुष्य खोल श्वास घेतो. मग कंठाचें दार सेकंदाच्या पांचव्या हिश्शाइतका वेळ मिटतें, आणि तेवढ्यांत पोटाचे व बरगड्यांचे स्नायु आंतल्या हवेवर जोराचा दाब आणतात. शेवटीं दार उघडतें, आणि सुटलेली हवा कफाला आपल्याबरोबर बाहेर घेऊन येते. निरोगी प्रौढ मनुष्याच्या खोकल्याचा वेग मिनिटाला ३६० लिटरांहून अधिक भरतो. तो २७० च्या खालीं आला तर साध्या पडशांतहि कफ सांचण्याची भीति असते. १६० च्या खालीं गेला तर खोकला नांवापुरताच उरतो. दमेकरी ज्या नळींत फुंकर मारून आपला श्वास मोजतात, त्याच नळींत खोकून हा वेग मोजतां येतो.

हें बळ हरपतें तें स्नायूंच्या व मज्जातंतूंच्या विकारांत. ड्यूशेनचा स्नायुक्षय मुलग्यांना होतो. चालणें बहुधा बाराव्या वर्षाच्या सुमारास थांबतें, आणि पुढें कांहीं वर्षांनीं खोकल्याचें बळ ओसरूं लागतें. मोटर न्यूरॉनचा विकार प्रौढांना गांठतो. २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला गुइलेन बॅरे विकाराची, म्हणजे जीबीएसची, सांथ आली. संशयित रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली, आणि कित्येकांना कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवावें लागलें. तो विकार बहुधा उतरतो, स्नायुक्षय उतरत नाहीं. पण छातीपुरती अडचण दोहोंत एकच. फुफ्फुसें मूळचीं निरोगी असतात. लोहाराचा भाता शाबूत आणि तो ओढणारा हात मात्र थकलेला, असा हा प्रकार आहे. म्हणून अशा रोग्याला पुष्कळदां एखादें साधें पडसेंच जिवावर बेततें.

हात थकला असेल तर दुसऱ्यानें हात लावावा, हाच यावरील उपाय. त्याचे दोन भाग आहेत. पहिला, छाती भरण्याचा. हातानें दाबावयाची आंबू नांवाची पिशवी एकमार्गी पडदी बसवून नळीनें रोग्याच्या तोंडाशीं जोडतात. रोगी एक श्वास घेऊन धरून ठेवतो; त्यावर पिशवीनें दुसरा, मग तिसरा श्वास चढवितात. दुसरा भाग हवा सोडण्याचा. छाती पुरेशी भरली कीं रोग्यानें डोळ्यांनीं खूण करावी, आणि तो खोकतांच जवळच्या माणसानें बरगड्यांखालीं पोटावर ठेवलेल्या तळहातांनीं आंत व वर असा झटकन दाब द्यावा. सारें मर्म वेळ साधण्यांत आहे. बळ त्यामानानें थोडेंच लागतें.

याच कामाचें यंत्रहि आहे. पोलिओच्या सांथींच्या काळांत, १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, तें अमेरिकेंत तयार झालें, मध्यंतरीं मागें पडलें आणि १९९३ मध्यें नव्या रूपांत परत आलें. पाण्याच्या सुमारें ४० सेंटिमीटर दाबानें तें हवा भरतें आणि लगेच तितक्याच जोरानें ओढून घेतें. यंत्र उत्तम खरें. परंतु तें पुष्कळ कुटुंबांच्या ऐपतीबाहेरचें आहे.

आतां अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांतलें, नगर-सोलापूर रस्त्यावरचें मिरजगांव डोळ्यांपुढें आणा. तेथील एखाद्या घरीं असा मुलगा आहे आणि मध्यरात्रीं त्याची छाती भरून आली, असें समजा. मोठें रुग्णालय नगरला नाहीं तर पुण्याला. गाडी मिळून तेथें पोंचेपर्यंतचा वेळ हा डॉक्टरांच्या हातचा नसतो; तो घरच्या माणसांच्या हातचा असतो. हे हात शिकलेले असले तर कफ वाटेंत अडून बसत नाहीं.

घरच्यांना हें साधेल काय, अशी शंका घेण्याचें कारण नाहीं. मिरजगांवाच्या शेजारच्याच जामखेड तालुक्यांत डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० मध्यें ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. अक्षरओळखहि बेताचीच असलेल्या खेड्यांतील स्त्रियांना त्यांनीं बाळंतपण व बालसंगोपन शिकविलें, आणि त्या स्त्रियांनीं गांवोगांवचें आरोग्य सांभाळून दाखविलें. नीट शिकविलेली विद्या पदवीवांचून अडत नाहीं, हा धडा आपल्या याच मुलखानें दिलेला आहे.

मात्र ही विद्या व्याख्यान ऐकून घेण्याची नव्हे. ती फिजिओथेरपिस्टच्या समोर, त्याच्या देखरेखीखालीं हातांत बसवावयाची आहे. जेवणानंतर निदान तास-दीड तास पोटावर दाब देऊं नये. बरगडी मोडलेली असेल, किंवा फुफ्फुसांतून हवा छातीच्या पोकळींत शिरण्याचा विकार पूर्वीं झाला असेल, तर डॉक्टरांच्या अनुज्ञेवांचून कांहींच करूं नये. मोटर न्यूरॉनच्या ज्या रोग्याचा कंठ दुबळा झाला आहे, त्याला श्वास धरून ठेवतां येत नाहीं. त्याचा विचार निराळा करावा लागतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत असाव्या. खोकला दाबणारें औषध अशा रोग्याला घातक ठरूं शकतें. तसेंच, बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरवरचा आंकडा ९५ च्या खालीं उतरला तर नुसता प्राणवायु लावून स्वस्थ बसूं नये. आंकडा सुधारलेला दिसतो, पण कफ तेथेंच राहतो, आणि दुबळ्या श्वासानें बाहेर न पडलेला कार्बन डायऑक्साइड रक्तांत वाढत जातो. अशा वेळीं आधीं कफ काढण्याची खटपट करावी आणि डॉक्टरांना विनाविलंब कळवावें.

ज्यांच्या घरीं, नात्यांत वा शेजारीं असा रोगी असेल त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, पहिल्या पडशाची वाट पाहूं नका. रोग्याची प्रकृति ठीक असतांनाच खोकल्याचा वेग मोजून घ्या, घरांतील निदान दोघांनीं हात लावावयास शिका, आणि रोजचा सराव ठेवा. खोकण्याचें बळ उसनें देतां येतें. मात्र देणाऱ्याची तयारी आधींपासून हवी.