अक्षर आणि यंत्र : आदिलाबादच्या सीमेवरील डिजिटल साक्षरता



ज्या संस्थेने शंभर वर्षे वाचकांच्या हाती पुस्तक दिले, तिच्या व्यासपीठावर संगणकाचा विषय निघावा, हे काहींना विसंगत वाटेल. वस्तुतः साक्षरतेचा प्रश्न ग्रंथालयाला कधीच परका नव्हता; आज केवळ साधन बदलले आहे. शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणाने मुलांना डिजिटल साक्षर करण्याचा संकल्प सोडला आहे. तो कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत सिद्धीस जावयाचा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्याची कसोटी पाहावयाची, तर पैनगंगेच्या काठच्या आदिलाबादसारखा जिल्हा क्वचितच सापडेल.

निजामी राजवटीतील या जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी आणि कोलामी या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम यांचा उठाव चिरडला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे तेथील गोंडांच्या स्थितीचा अभ्यास सोपविला. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र उभे राहिले. (जोडेघाट आणि मारलवाई ही दोन्ही गावे २०१६ च्या जिल्हा-विभाजनानंतर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली.) या केंद्रासाठी जी पहिली पाठ्यपुस्तके झाली त्यांची भाषा गोंडी होती आणि लिपी देवनागरी. मूल प्रथम स्वतःच्या बोलीत वाचावयास शिकेल, आणि त्याच अक्षरांच्या आधाराने पुढे परिसरात रूढ असलेल्या मराठीकडे जाईल, असा त्यामागील विचार होता. नवे ज्ञान ओळखीच्या दारातून आत यावे, हे शिक्षणशास्त्राचे तत्त्व त्या रानातल्या शाळेने आचरून दाखविले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात आले आणि उर्वरित आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. राज्याची सीमा कागदावर आखता आली. भाषेची सीमा तशी आखता येत नाही. बेला, जैनद, तामसी या भागांत मराठी राहिली आणि मराठी शाळाही राहिल्या. प्राथमिक स्तरावर भाषिक अल्पसंख्यकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय असावी, असे सांगणारे संविधानाचे ३५०-अ हे कलमही त्याच १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. सीमा ओलांडून गेलेल्या मुलांना दिलेला तो राष्ट्राचा शब्दच होता.

संगणक आपल्या शाळांत आला तो निराळ्या वाटेने. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांतील संगणक-साक्षरतेचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, तेव्हा यंत्रे ब्रिटिश बनावटीची होती आणि त्यांची भाषा इंग्रजी होती. पुढे २००४ मध्ये शाळांना संगणक पुरविण्याची योजना, २०१२ मध्ये शालेय शिक्षणातील माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र राष्ट्रीय धोरण, २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हा पाठ्यसाहित्याचा डिजिटल मंच, असे टप्पे आले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवावे असे सांगते. तेच धोरण माध्यमिकपूर्व वर्गांत संगणकीय आज्ञालेखनाची ओळख करून द्यावी असेही सांगते. भारतीय भाषांतील डिजिटल साहित्याचा उल्लेखही त्यात आहे. परंतु भाषेचे प्रकरण आणि यंत्राचे प्रकरण यांची गाठ शेवटी वर्गात पडावयास हवी. २०२२-२३ पासून तेलंगणाच्या सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणण्यास आरंभ झाला. अशा वेळी सीमेवरच्या मराठी मुलापुढील पडदा उजळेल; त्यावरील मजकूर त्याचा होईल काय, हा खरा प्रश्न आहे.

ही शंका निराधार नाही. २०२३ च्या ‘असर’ अहवालासाठी देशातील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी झाली. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरता येत होता. त्याच वयोगटातील सुमारे २५ टक्के मुलांना मात्र आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर अस्खलितपणे वाचता आला नाही. बोट पडद्यावर सहज फिरते, डोळे ओळीवर अडखळतात. याला डिजिटल साक्षरता म्हणता येईल काय? बातमी खरी की खोटी हे ताडणे, अर्जातील अट समजून घेणे, कोणी पासवर्ड मागितल्यास सावध होणे, ही सारी कामे वाचनाचीच आहेत.

यावर उपाय दूरचा नाही. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण केला. त्याचे वैशिष्ट्य असे की, देवनागरीचा ‘क’ ज्या कळीवर आहे, तेलुगूचा ‘क’ही त्याच कळीवर आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. जिवती आणि केरामेरीच्या सीमेवर अशी गावे आहेत की, तेथे महाराष्ट्राची मराठी शाळा आणि तेलंगणाची तेलुगू शाळा एकाच गावात भरते. तेथील दोन मुलांना एकच कळफलक पुरेल. आज मात्र बहुतेक मुले मराठी शब्द रोमन अक्षरांत उमटवितात. आपली भाषा उसन्या अक्षरांत लिहिण्याची ही सवय शाळेनेच मोडावयास हवी.

लिपीला यंत्रात स्थान मिळणे म्हणजे काय, हेही याच जिल्ह्याने दाखविले आहे. नारनूर मंडलातील गुंजाळा या गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते जपलेली होती. जयधीर तिरुमल राव आणि हैदराबाद विद्यापीठातील अभ्यासकांनी त्यांचा अभ्यास केला आणि जून २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने ती लिपी युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. एका खेड्याने पोथ्या सांभाळल्या, म्हणून जगातील संगणकांना ती अक्षरे कळू शकली.

ग्रंथालयांचे कर्तव्यही यातूनच स्पष्ट होते. २०२० च्या धोरणाने सार्वजनिक आणि शालेय ग्रंथालये सक्षम करण्याचा आग्रह धरला आहे. वाचनकक्षात देवनागरी कळफलकाचा एक संगणक ठेवावा. शनिवारी मुलांना मराठीत लिहावयास, शोधावयास आणि वाचलेले पडताळावयास शिकवावे. सीमेपलीकडच्या मराठी शाळांना पुस्तकांची पेटी धाडावी. आश्रयदात्यांनी यंत्राची देणगी दिली, तर सभासदांनी आपला एक तास द्यावा. यंत्र जुने होते आणि बदलता येते. वाचावयास न शिकलेल्या मुलाचे बालपण परत आणता येत नाही.