आधी ठराव वाचा, मग सही करा

(मुलुंडच्या विक्री मेळाव्यात शहापूर तालुक्यातल्या ग्रामसंघांच्या महिलांसमोर आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



तीन दिवस स्टॉलवर उभं राहून तुमचे पाय दुखत असतील, म्हणून जास्त वेळ घेत नाही. काल नाचणीचे पापड बांधता बांधता एका ताईंनी विचारलं, "आमच्या टेकडीवरचा मुरूम काढायचा विषय ग्रामसभेत येणार आहे. आम्ही काय म्हणायचं?" गिऱ्हाइकांच्या गर्दीत मला नीट सांगता आलं नाही. ते आज सांगते.

मी घाटकोपरच्या असल्फ्याची. आमचं घर डोंगराच्या उतारावर आहे. १२ जुलै २००० ला घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळली आणि साठाहून जास्त माणसं गेली. २६ जुलै २००५ च्या पावसात साकीनाक्याला पुन्हा दरड घरांवर आली. मी तेव्हा लहान होते, पण आमच्या आजीला सगळं आठवतं. अजूनही पावसाचा जोर वाढला की ती रात्रभर जागी असते, रेशनकार्डाची पिशवी उशाशी घेऊन.

अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे दोनशे फूट उंच काळा खडक, आणि वर गावदेवीचं देऊळ. त्याच्या भोवतीचा दगड खाणवाल्यांनी वर्षानुवर्षं काढला. आता तो खडक इमारतींच्या मधे एकटा उभा आहे. २००७ साली त्याला वारसा म्हणून संरक्षण मिळालं, पण आजूबाजूचं तोवर गेलं होतं. डोंगर एकदा कापला की कोणताही कागद तो परत आणत नाही, हे आम्ही उपनगरातल्या लोकांनी बघितलंय.

आता भरावाला आणि रस्त्यांना लागणारा मुरूम लांबून येतो. तुमच्या तालुक्यातल्या तानसा-भातसाचं पाणी आम्ही मुंबईत पितो आणि एप्रिल-मे महिन्यात तुमच्याच पाड्यांवर टँकर येतो. पाण्याचं झालं तसं मातीचं होऊ नये, म्हणून बोलतेय.

एका गावातली गोष्ट सांगते, गावाचं नाव घेत नाही. ग्रामसभेला आपल्या गटाच्या बायका गेल्या. मीच त्यांना आग्रहाने पाठवलं होतं. रजिस्टर फिरलं, सगळ्यांनी हजेरीची सही केली आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून घरी आल्या. दोन महिन्यांनी टेकडीवर जेसीबी आला. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "ठराव झालाय, तुमच्याच सह्या आहेत." वर जागा कोरी होती, ठराव नंतर लिहिला गेला. आज तिथे गुरांची चराई गेली आहे, डंपरने रस्ता उखडलाय, भाताच्या रोपांवर धूळ बसते. पावसात खड्डा पाण्याने भरला की आया पोरांना एकटं सोडत नाहीत. सभेला जा एवढंच मी सांगितलं होतं, सही कधी करायची ते सांगितलं नव्हतं. ती चूक माझी.

आता बघा, आपल्या गटात पाच हजारांचं कर्ज द्यायचं तरी आपण विचारतो: कशासाठी, किती, परत कसं करणार? वहीत लिहितो, मोठ्याने वाचतो, मग सही करतो. टेकडीलाही तेच विचारा.

पहिलं, परवानगी कोण देतं? मुरूम, माती हे गौण खनिज आहे. परवानगी महसूल खात्याची असते आणि त्यासाठी सरकारला स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी भरावी लागते. पण शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. म्हणून त्या ठरावाला वजन आहे.

दुसरं, किती काढणार? कागदावर ब्रास लिहिलेले असतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. खड्डा १०० फूट लांब, ५० फूट रुंद आणि १० फूट खोल असेल तर ५०,००० घनफूट, म्हणजे ५०० ब्रास. दोरी घेऊन आपणही मोजू शकतो. परवानगी ५०० ची आणि खड्डा दोन हजारांचा असेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहनही जप्त होतं.

तिसरं, गावाला परत काय? खड्डा कोण बुजवणार, रस्ता कोण दुरुस्त करणार, विहिरीपासून किती लांब खणणार, हे ठरावातच लिहून घ्या. "रस्त्याचं सरकारी काम आहे, कागद लागत नाही," असं कोणी म्हणालं तर सांगा, रस्त्यासारख्या कामांच्या मातीला पर्यावरण मंजुरीतून दिलेली सरसकट सूट सुप्रीम कोर्टाने २१ मार्च २०२४ ला रद्द केली आहे.

काही ताईंचे मुलगे डंपरवर आहेत, हे मला माहीत आहे. त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. घरकुलालाही मुरूम लागतोच. म्हणून नाहीच म्हणा, असं मी सांगत नाही. हो म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ऐकून, समजून ठरवा. आणि त्यावरून गटात फूट पडू देऊ नका.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती कागदावर होऊ देऊ नका, खरोखर भरवा. तिथे आपलं म्हणणं ठरवा आणि एकत्र जा. ठराव लिहून, वाचून होईपर्यंत कोणी उठू नका. हजेरीच्या सहीवर "फक्त हजेरी" असं लिहा. ठरावाची प्रत मागा आणि गटाच्या वहीसोबत ठेवा.

त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला तर घरच्यांना सांगा, आज कुकर तुम्ही लावा.