मासळीतील किरणोत्सार मोजताना

तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. अणुभट्टीत निर्माण होणारे सीझियम-१३७ किनाऱ्यावरील मासळीत आहे काय, या प्रश्नावर कोळी बांधवांचा बाजार अवलंबून आहे. ‘काही आढळले नाही’ एवढे उत्तर मी पुरेसे मानीत नाही. निदान किती असते तर आढळले असते, हेही प्रयोगशाळेने सांगितले पाहिजे.

पोटॅशियम-४० हे नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्य प्रत्येक माशात असतेच. ते आपल्या देहातही आहे. गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून ही दोन्ही द्रव्ये वेगळी ओळखता येतात. तथापि भोवतालचे प्रारण शिशाच्या आवरणातूनही थोडे आत शिरते. म्हणून रिकाम्या पात्राची स्वतंत्र गणना करून ती वजा करावी लागते. १०० स्पंद नोंदले गेले, तर त्यांत सुमारे १० ची अनिश्चितता राहते. १०,००० नोंदले, तर १०० ची, म्हणजे अवघी एक टक्का. क्षीण नमुन्याला तासन् तास द्यावेच लागतात.

खरी कसोटी परक्या नमुन्याची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था देशोदेशींच्या प्रयोगशाळांना असे नमुने पाठविते. त्यांतील प्रमाण मोजणाऱ्यास ठाऊक नसते. उत्तर चुकले, तर उपकरणाचे अंशांकन पुन्हा तपासावे, आणि तोवर मोजलेल्या मासळीचे आकडे प्रसिद्ध करू नयेत.