सूर्याचा वेध घेणारा डोळा

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त मुलुंड येथील एका व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश.)



मी कला शाखेचा पदवीधर. आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. त्यामुळे तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर एक जिज्ञासू नागरिक म्हणून मी आज आपल्यासमोर उभा आहे. विषय एका कॅमेऱ्याचा आहे. परंतु प्रश्न राष्ट्राच्या स्वावलंबनाचा आहे.

पदार्थ अतितप्त झाला की अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. सूर्य आणि तारे याच अवस्थेत आहेत. तापमान आणि अणूंचे हे विघटन यांचा गणिती संबंध १९२० साली जगासमोर मांडला तो आपल्या मेघनाद साहांनी. कोट्यवधी अंश तापमानाच्या प्लाझ्मात हायड्रोजनची केंद्रके एकत्र येतात आणि प्रचंड ऊर्जा मुक्त होते. हीच सूर्याची शक्ती. ती पृथ्वीवर साध्य करण्याची खटपट जगभर चालू आहे.

५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील लिव्हरमोर येथे १९२ लेसर किरणशलाकांच्या साह्याने मोहरीच्या दाण्याएवढी इंधनगोळी चिरडण्यात आली. लेसरची ऊर्जा होती २.०५ मेगाज्यूल, बाहेर पडली ३.१५. अर्थात लेसर चालवण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती, हेही सांगितले पाहिजे.

ही ज्योत किती काळ टिकते? सेकंदाच्या सुमारे एक हजार कोटीव्या भागाएवढा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम तीन सेंटिमीटर अंतर कापतो! इतका तप्त प्लाझ्मा मुख्यतः क्ष-किरण फेकतो. त्यांना साध्या भिंगाने एकत्र आणता येत नाही; म्हणून सूक्ष्म छिद्रांतून प्रतिमा घेतात. ती असंख्य बारीक नळ्यांच्या काचेच्या चकतीवर पडते. विजेचा स्पंद त्या चकतीवरून धावतो आणि ज्या भागावर तो असेल, तेवढीच प्रतिमा उजळते. अशा रीतीने क्षणाच्याही क्षणाची चित्रमालिका मिळते. गोळी सर्व बाजूंनी सारखी दबली की कुठे फुगली, हे ती चित्रेच सांगतात. ती नसतील, तर पुढचा प्रयोग अंधारातच करायचा.

आपल्या उपनगरांच्या कुशीतील ट्रॉम्बेचा या कथेशी जवळचा संबंध आहे. ट्रॉम्बेचे शिल्पकार डॉ. होमी भाभा यांनी १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून वीस वर्षांत नियंत्रित संमीलन साधेल, असे भाकीत केले. ते काही खरे ठरले नाही. पण दिशा मिळाली. ट्रॉम्बेत लेसरचे काम उभे करणारे डॉ. दिलीप भवाळकर पुढे इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे पहिले संचालक झाले. काश्मीरचे सुपुत्र डॉ. प्रेधिमन कृष्ण कौ यांच्या नेतृत्वाखाली गुजरातेत १९८९ साली ‘आदित्य’ हे भारतीय बनावटीचे टोकामॅक यंत्र सुरू झाले.

१९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्या अनेक संस्थांवर निर्यातबंदी लादली. आपण डगमगलो नाही. २००६ साली, डॉ. अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना, त्याच भारताने फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पाच्या करारावर बरोबरीचा भागीदार म्हणून स्वाक्षरी केली. त्याचे सुमारे ३,८५० टनांचे क्रायोस्टॅट हे महाकाय पात्र लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्यात घडवले. प्लाझ्मातील क्ष-किरणांचे पृथक्करण करणारी उपकरणेही भारताच्या वाट्याला आली आहेत. इटर लांबणीवर पडला आहे. २०२४ साली जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार संशोधन २०३४ मध्ये सुरू व्हायचे आहे.

आता मूळ मुद्दा. पात्र आपण घडवले, पण डोळ्याचे काय? अतिवेगवान कॅमेऱ्यांचे नाजूक भाग जगातील मोजक्याच कंपन्या करतात. असे कॅमेरे अणुपुरवठादार गटाच्या दुहेरी वापराच्या यादीत आहेत, कारण अणुस्फोटाच्या अभ्यासालाही तेच लागतात. हा गट स्थापन झाला तोच आपल्या १९७४ च्या चाचणीनंतर! म्हणजे पैसा असूनही वस्तू मिळेलच, याची शाश्वती नाही. ज्याचा डोळा दुसऱ्याच्या मुठीत, त्याची वाटही दुसराच ठरवतो.

स्वदेशी म्हणजे जगाशी फारकत नव्हे. इटरमध्ये आपण जगाबरोबर आहोतच. स्वदेशी म्हणजे उद्या कोणी दार लावले, तरी आपले काम थांबू नये, ही सिद्धता. त्यासाठी सिद्धान्त मांडणारे हवेत, तसेच काच घासणारे, निर्वात नळी जोडणारे, विजेचा स्पंद साधणारे कुशल हातही हवेत. या कामाला टाळ्या मिळत नाहीत आणि वेतनाचे आकडेही डोळे दिपवत नाहीत.

मुलुंड ते अंधेरी घरोघरी अभियंते आहेत. आपल्या मुलाने प्रयोगशाळेत उपकरणे घडवण्याची इच्छा दाखवली, तर त्याला ‘त्यात पुढे काय?’ असे विचारू नका. पुढे काय, हे पाहणारा डोळाच तो घडवणार आहे.