पारा, मन्हेरी, बहाळा : जनावरांच्या अंगावरची मराठी

(गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मे महिन्याच्या उकाड्यात लोकरीबद्दल ऐकायला जमलेल्या नाशिककरांनो, (हशा)

पत्रिकेत विषय छापला आहे, 'प्राण्यांच्या अंगावरच्या केसांचे शब्द'. केस, लव, लोकर, आयाळ हे शब्द कोशात आहेत आणि तुमच्या घरातही आहेत, त्यांची व्युत्पत्ती मी सांगत बसत नाही. मी आलोय एक मागणी घेऊन. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला मारतात आणि त्याची नोंद करतात. त्या नोंदीत रंगापुढे मालकाच्या तोंडचाच शब्द लिहिला गेला पाहिजे. 'काळा-पांढरा' म्हटलं की भागलं असं आपण शहरातली माणसं समजतो. डांगी गुरं पाळणाऱ्याचं त्यात भागत नाही.

डांगी म्हणजे आपल्या जिल्ह्याची शान. इगतपुरी, पेठ, सुरगाणा, पलीकडे अकोले आणि जिच्या नावावरून हे नाव पडलं ती डांगची डोंगरपट्टी. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथल्या चिखलात दुसरं जनावर खुरानं सडतं; डांगीचा खूर काळा, गारगोटीसारखा टणक. आणि कातडीतून तेलकट अंश पाझरतो, त्यामुळे आखूड, चकचकीत केसांवरून पाणी निथळून जातं. महादेव कोळी, ठाकर, कानडी या लोकांनी पिढ्यान् पिढ्या हे जनावर राखलं. आता त्यांचे शब्द ऐका. पांढऱ्यावर थोडे काळे ठिपके असले तर पारा. काळ्यावर थोडं पांढरं असलं तर बहाळा. दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले असले तर मन्हेरी. तांबडा तो लाल, आणि तांबड्यात पांढरं मिसळलं की लाल पारा. आपल्या एका 'काळ्या-पांढऱ्या'त त्यांचे तीन शब्द बुडाले!

घोटीला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथे एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, "बाबा, हा मन्हेरी कशावरून? मला तर पाराच वाटतो." बाबांनी उत्तर दिलं नाही. माझा हात धरला आणि बैलाच्या पाठीवर ठेवला. वशिंडाच्या मागून पुठ्ठ्यापर्यंत माझा तळवा फिरवला, मग म्हणाले, "आता खाली वाका." पोटाखाली काळं आणि पांढरं असं कालवलेलं होतं की कुठला रंग कुठे संपतो ते सांगता येईना. "वरून बघणारा पारा म्हणतो," बाबा म्हणाले, "दावं धरणारा मन्हेरी म्हणतो." माझा तळवा तुकतुकीत झाला होता. कोरडा दिवस होता, बैल धुतलेलाही नव्हता. तेलकट अंश तेलकट अंश म्हणून वाचलं होतं, तो हाताला लागला.

तेवढ्यात शेजारी सौदा सुरू झाला. व्यापाऱ्यानं रुमाल टाकला, मालकानं खाली हात घातला, आणि आत बोटांचं बोलणं सुरू. वर मात्र दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारतायत! एक बोट धरलं, सोडलं. चार धरली, मालकानं हात झटकला. बघ्यांना आकडा कळू द्यायचा नाही, ही त्यातली मेख. हा खेळ किती वेळ चालावा? भाकरी खाऊन आलो तरी रुमाल तसाच. मग व्यापारी बैलाभोवती फिरला आणि भोवरे मोजू लागला. भोवरा म्हणजे केस गोल फिरून जिथे बसतात ती जागा. कपाळावरचा, पाठीवरचा, प्रत्येकाचा वेगळा शकुन सांगतात. एक भोवरा त्याला खटकला आणि बैलाची किंमत रुमालाखाली खाली आली. बाबा मात्र तिकडे न बघता खूर तपासत होते.

(एका श्रोत्याची चिठ्ठी) "आपण अंधश्रद्धेला खतपाणी घालता का?" नाही, साहेब. कपाळावरच्या भोवऱ्यानं बैल वाईट ठरत नाही, हे मी इथे या व्यासपीठावरून स्वच्छ सांगतो. पण शकुन सोडा आणि नजर ठेवा. केसांची दिशा बघणाऱ्या माणसाला खरूज आधी दिसते, गोचीड आधी दिसते. ती नजर शब्दात साठलेली असते. ढवळ्या, पवळ्या, चांद्या, हरण्या, ही बैलांची नावं म्हणजे त्यांच्या अंगाचीच वर्णनं आहेत. आणि मी परक्या शब्दांचा शत्रू असल्याचीही कुजबुज ऐकू येतेय. अहो, घोड्याचे अबलख आणि कुमैत अरबी-फारसीतून आले आणि मराठी होऊन बसले. माझं भांडण आळसाशी आहे.

लोकरीकडे येतो. दख्खनी मेंढीची लोकर राठ, बहुधा काळी. कोकराची पहिली कातरलेली लोकर सर्वांत मऊ, तिला धनगर जावळ म्हणतात. आपल्या बाळाच्या पहिल्या केसांना आपण जे म्हणतो तेच! त्या जावळाचं घोंगडं वेगळं, महाग. सनगर खड्ड्यातल्या मागावर विणतो, चिंचोक्याची खळ देतो, आणि मग ते घोंगडं पाऊस अडवतं. आज कातरणावळही लोकरीतून सुटत नाही. कित्येक धनगर लोकर टाकून देतात, कळपाला मटणासाठी माडग्याळसारख्या जातीचा नर लावतात. लोकर कातरलीच नाही तर जावळ हा शब्द कोकरावरून उठेल आणि फक्त माणसाच्या बाळापुरता उरेल. तसं व्हायला मला नको आहे. कुणी म्हणेल, कोशात आहे ना? कोशातल्या शब्दानं कोकराची लोकर ओळखता येत नाही.

(व्यवस्थापकांची खूण) पाच मिनिटं? घोडे सगळेच राहिले. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत पंचकल्याणी घोड्याभोवती गर्दी का होते, चारी पाय आणि कपाळ पांढरं असण्याला एवढं मोल का, हे आयोजकांनी बोलावलं तर पुढच्या वर्षी. (टाळ्या) टाळ्या नकोत, वेळ जातो.

तिसऱ्या रांगेत पशुवैद्यक मंडळी बसलीयत, त्यांना हात जोडून सांगतो. उद्या टाकेद, घोटी, हरसूलकडे जाल तेव्हा मालकाला विचारा, "याला तुम्ही काय म्हणता?" उत्तर आलं की ते तसंच, त्याच्या उच्चारात लिहा. नोंदीत जागा नसेल तर समासात लिहा. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याचे कुणी इथे असतील तर सभा सुटल्यावर पायऱ्यांपाशी थांबावं. वही-पेन माझ्याजवळ आहे, बहाळ्याला सुरगाण्यात वेगळं नाव आहे का तेवढं मला आजच विचारायचं आहे.